शिकाऱ्याचं राहिलेलं वाक्य

४ नोव्हेंबर, मंगळवार

त्याचं स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. तारीख मिळाली – एकवीस.

सर्जनबाईंनी कागदावर घशाचं चित्र काढून समजावलं. हात वळणदार आहे त्यांचा. नंतर श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. पुढे वेगळ्या तंत्रानं बोलायला शिकता येतं, पुष्कळजण शिकतात म्हणे. "पण हा आवाज नाही," असं त्यांनी सरळच सांगितलं. बरं केलं. गोल गोल बोलल्या असत्या तर मला राग आला असता.

त्यानं एकच विचारलं – "वीसपर्यंत काम करता येईल ना?"

"जपून. आरडाओरडा नको."

आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. हातात जी डबिंगची फिल्म आहे तिच्यात त्याचा आवाज एका म्हाताऱ्या शिकाऱ्याला आहे. उठसूट कुत्र्यांना हाका मारतो!

घरी येताना लिफ्टमध्ये म्हणाला, "नवरा मुका असावा असं तुझं किती वर्षांचं स्वप्न होतं." मी हसले. मग तिसऱ्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत हसता आलं नाही.

५ नोव्हेंबर

काम केलं. नऊ पानं झाली. परक्या भाषेतल्या फिल्मला मराठी संवाद लिहायचे म्हणजे आधी ओठ बघायचे. कुठे उघडतात, कुठे मिटतात. मिटले की प, ब, म यांपैकी काहीतरी हवं, नाहीतर पडद्यावरचा माणूस खोटा वाटतो. ओठ बघत बसलं की बाकी काही सुचत नाही. आज तेच हवं होतं.

तीस वर्षं मी लिहिते आणि तो बोलतो. लोकांना गंमत वाटते. माझा नवरा दिवसभर माझी वाक्यं बोलतो आणि घरी आला की "हं" म्हणतो!

दुपारी तो प्रसंग आला. शिकारी निघालाय, बाहेर बर्फ. बायको भिंतीवरची बंदूक काढून दारात उभी – मलाही यायचंय. तो नाक उडवतो, बंदूक तिच्या हातातून घेतो आणि म्हणतो –

"बाईला शिकारीला नेऊ नये. ती आधी नेम धरते, मग विचार करते."

मग तिच्याकडे पाठ करतो, बूट चढवतो, जातो.

"नेम"वर माझे ओठ मिटतात, तिथेच त्याचेही मिटतात. चपखल बसलं. जुन्या माणसाचं जुनं वाक्य. पुढच्या पानावर गेले.

७ नोव्हेंबर

रेकॉर्डिंग सुरू. आणि पहिल्याच दिवशी तंटा.

आमची रेकॉर्डिस्ट – स्टुडिओत तिला चिमणी म्हणतात, कारण उंच स्टुलावर बसते आणि पाय खाली पोचत नाहीत. तशी तिशी उलटलेली आहे. कामात एकदम चोख. तिनं पानं चाळली आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"काकू, हे मी घेणार नाही."

"का गं?"

"मी इथे लागले ना, तेव्हा माझे पहिले सर हेच म्हणायचे. मुली बटण दाबायच्या आधी विचार करत बसतात, तोवर टेक हातचा जातो. मशीनला हात लावू दिला नाही मला. वर्षभर वायरी गुंडाळल्या मी!"

"अगं, पण हे तो शिकारी म्हणतोय. मी नाही."

"शिकारी कुठे मराठी बोलतो? तुम्ही बोलायला लावताय."

बूथच्या आतून त्याचा आवाज आला – त्या आवाजामुळे सगळे त्याला खर्जकाका म्हणतात – "मला पण विचारा की कोणीतरी! मी नेमही धरत नाही आणि विचारही करत नाही. मला न्याल का शिकारीला?"

चिमणी हसली, पण बोट उचललं नाही. तिला त्याच्या आजाराचं माहीत आहे. तरी उचललं नाही. हे मला आवडलं.

म्हटलं, शेवटी बघू. पुढचं घ्या.

८ नोव्हेंबर

चहाच्या वेळी त्यानं शिकाऱ्याच्या थाटात ते वाक्य आईंना म्हणून दाखवलं. सासूबाईंचं वय शहाऐंशी, कान मात्र तिखट.

"बरोबर आहे की," त्या म्हणाल्या. "मी विचार केला नसता तर तू दहावीला आपटलास त्या दिवशी जिवंत राहिला नसतास. नेम तर धरलाच होता. लाटणं होतं हातात."

त्यांना ते कौतुकच वाटलं! मी म्हटलं, आई, तो नावं ठेवतोय. त्या म्हणाल्या, "ठेवू दे. खरं बोलताना माणसाला कळत नाही आपण कौतुक करतोय ते."

त्यांना फक्त गाठ काढणार एवढंच सांगितलंय. बाकीचं तो स्वतः सांगणार आहे. "मीच सांगेन. माझ्या तोंडानं." कधी, ते विचारलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. दूर राहते, पण बापाला रोज फोन असतो. आज मला केला. त्यानं तिला शिकाऱ्याची गंमत सांगितली असणार.

"आई, तू हे लिहिलंस? तू?"

मी सांगितलं – मूळ वाक्य तसंच आहे. आणि नीट वाचलंस तर त्यात त्या बाईची बाजूच वरचढ आहे.

"असली बाजू नको मला! विचार करतात म्हणून घरी बसवायचं? वर्षानुवर्षं हेच. तू एरवी बदलतेस की वाक्यं! शिव्या बदलतेस, विनोद बदलतेस. हे का नाही बदलत? का तुला चालतं?"

अर्धा तास भांडली. शेवटी तर रडवेली झाली – एका फिल्ममधल्या एका वाक्यासाठी! मी ऐकून घेतलं. घशाचा शब्द तिनं एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. कुठल्या गोष्टीशी भांडावं हे कळत नसलं की माणूस हाताला लागेल त्याच्याशी भांडतं.

फोन ठेवल्यावर मेसेज आला. "बाबा झोपले का? पायावर पांघरूण आहे ना?"

आहे, म्हणून कळवलं.

११ नोव्हेंबर

वाक्य बदलून पाठवलं. "बाहेर थंडी मरणाची. तू नको येऊस, थांब घरी."

तासाभरात चॅनेलवाल्या साहेबांचा फोन. "बाई, तुम्ही अनुभवी. त्याचा चेहरा बघा ना! थंडीबद्दल बोलताना कोणी असं नाक उडवतं का?"

खरं होतं. चेहरा टोमण्याचा आणि वाक्य काळजीचं. दुसऱ्या कोणी असं लिहून आणलं असतं तर मीच परत पाठवलं असतं.

"जुनी फिल्म आहे, लोकांना कळतं," साहेब म्हणाले. "ठेवा तसंच. आणि सांगू का – मी घरी वाचून दाखवलं. बायको म्हणते, अगदी खरंय. तुमच्यावर नेम धरला तेव्हा विचार करायला हवा होता!"

एवढं हसले ते की मलाही हसावं लागलं.

वाक्य जसंच्या तसं ठेवलं. चिमणीला अजून सांगितलेलं नाही.

१२ नोव्हेंबर

तपासणी. याला राहवतंय होय! सर्जनबाई घशात नळी घालणार तोवर यानं त्यांना वाक्य ऐकवलं. अगदी हावभावासकट.

त्यांनी हातमोजे चढवता चढवता उत्तर दिलं. "माझं उलट आहे. आधी विचार, मग नेम. आता तोंड उघडा."

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये त्यानं गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "बाई पक्की आहे. हिच्या हाती मान द्यायला हरकत नाही."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

चूक झाली. माझीच.

आमच्याकडे रीत आहे – बोलणं आधी, आरोळ्या शेवटी. आरडाओरड्यानं आवाज बसतो, मग साधं वाक्यही धड निघत नाही. म्हणून हाका, किंकाळ्या, खोकले, सगळं मागे ठेवायचं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप तसाच क्रम लावतो. या खेपेला आरोळ्या दुसऱ्या कोणाकडून घ्यायला हव्या होत्या. सर्जनबाई स्पष्ट सांगून चुकल्या होत्या. आणि मी क्रम लावला – आरोळ्या, १४ तारीख!

तोही काही बोलला नाही. कुत्र्यांना हाका मारल्या. पहिल्या तीन-चार अशा लागल्या की चिमणीनं मशीनवरच्या आवाजाच्या सुया बघायच्या सोडून त्याच्याकडे बघितलं. पुढची अर्ध्यात फाटली. त्याच्या पुढच्याला नुसती हवा आली.

त्यानं काचेतून माझ्याकडे बघितलं. हाताच्या खुणेनं – पाणी.

सर्जनबाई फोनवर माझ्यावर चिडल्या. चिडायलाच हव्या होत्या. आता एकोणीसपर्यंत एक शब्द नाही.

आरोळ्या दुसऱ्या कलाकाराकडून पुऱ्या करून घेऊ. बाकी सगळं झालंय. राहिलंय फक्त ते वाक्य.

१५ नोव्हेंबर

तो बोलत नाही, मलाही काही सुचलं नाही. संध्याकाळी आईंनी विचारलं, "भांडलात का रे?"

१६ नोव्हेंबर

भांडी विसळताना एकदम लक्षात आलं. एवढं कसं लक्षात आलं नाही!

वीस तारखेला तो बूथमध्ये जाणार आणि ते वाक्य बोलणार. या आवाजाचं माइकवरचं शेवटचं वाक्य. राजे बोलला तो, न्यायाधीश बोलला, एकदा तर अस्वल बोलला. आणि शेवटी काय? बाईला शिकारीला नेऊ नये!

ओल्या हातानंच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, हे दुसऱ्याला देऊ. आरोळ्या देतोच आहोत, हेही देऊ. त्यानं मान हलवली. नाही. म्हटलं, अरे, हे शेवटचं असणार. त्यानं मान हलवली. हो. मग टॉवेल उचलून माझे हात पुसले. एकेक बोट.

१७ नोव्हेंबर

प्रसंग पुन्हा पुन्हा बघितला. एक जागा सापडली.

वाक्य संपल्यावर शिकारी पाठ करतो. पाच सेकंद पाठमोरा. ओठ दिसत नाहीत! मुळात तिथे नुसतं घशातलं गुरगुरणं आहे. पाठमोरा माणूस म्हणजे आम्हा लिहिणाऱ्यांची चैन. तिथे काहीही घालता येतं.

म्हणजे शेवटचं वाक्य ते नसेल. मी लिहीन ते असेल. पाच सेकंद – सात-आठ शब्द सहज मावतील.

दिवसभर बसले.

१८ नोव्हेंबर

नाही जमलं.

तापात पानं दिलीत मी. लेक झाली त्या आठवड्यात दिलीत. वडील गेले तेव्हा इस्पितळाच्या बाकावर बसून एका विनोदी मालिकेचा भाग पुरा केला आणि वेळेत पाठवला. कधी कोणाला थांबवलं नाही. आणि आता सात शब्द होत नाहीत. जे लिहिलं ते सगळं भाषण वाटतं. शिकारी बूट चढवताना असं बोलेल का? आणि हा तरी बोलेल का? तीस वर्षं याच्या तोंडी शब्द घातले, म्हणून याचे स्वतःचे शब्द कोणते ते मला ठाऊक आहे असं थोडंच आहे!

सगळं खोडलं.

१९ नोव्हेंबर

आज मौन सुटलं. पहिल्यांदा आईंच्या खोलीत गेला. मी दारातच थांबले.

खरखरीत, हळू आवाजात सगळं सांगितलं. गाठच नाही, आवाजही काढणार. जीव वाचेल, आवाज नाही.

आई बराच वेळ पलंगाच्या कडेवरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं रडतील.

"तू चार वर्षांचा होईस्तो बोलत नव्हतास," त्या म्हणाल्या. "लोक म्हणायचे, दाखवा कोणाला तरी. मला कशाला दाखवायला हवं होतं? तुला काय हवंय ते मला तेव्हाही कळत होतं."

मग म्हणाल्या, "खाल्लंस का काही?"

मी स्वयंपाकघरात जाऊन सूप गरम केलं. दोनदा केलं. पहिल्यांदा गॅसच पेटवला नव्हता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झालं.

स्टुडिओत आम्ही तिघंच. तो आत, चिमणी मशीनवर, मी तिच्या शेजारी. चिमणीला काल फोन करून सांगितलं होतं, वाक्य तेच राहतंय, तुला नको असेल तर दुसऱ्या कोणाला बसवते. "दुसरा कोण बसणार? काकांचं मीच घेणार," म्हणाली. आणि लगेच, "पटलेलं नाही, सांगून ठेवते."

पहिला टेक – मिशीला पीळ भरल्यासारखा. चिमणीनं तोंड वाकडं केलं. दुसरा – विनोदी. तेही नाही. मग चिमणीनंच बूथमध्ये बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबलं.

"काका, याला खरंच असं वाटतं का?"

त्यानं पाण्याचा घोट घेतला. "नाही. याला बापानं सांगितलंय, बापाला त्याच्या बापानं. हा कधी कुठल्या बाईला घेऊन गेलाच नाही, याला काय माहीत! पाढा म्हणतोय."

तिसरा टेक पाढ्यासारखा घेतला. सपाट, घाईघाईत, न थांबता. आणि एकदम तो केवढासा वाटला, तो दाढीवाला शिकारी! शाळेत उभं करून विचारल्यासारखा.

"आता मूर्ख दिसतोय," चिमणी म्हणाली. "ठेवा. अजून पटलेलं नाही पण. मूर्ख दिसतोय म्हणून ठेवा."

मग पाठमोरी जागा. माझ्या पानावर तिथे एवढंच होतं – "पाठ, ५ सेकंद." पुढे कोरं. त्यानं पान बघितलं, उलटून बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"बाईसाहेब, पान कोरं आलंय."

"हो."

"तुझं?"

"हो. तू बोल काय ते."

काचेतून बघत राहिला माझ्याकडे. इतकी वर्षं त्या काचेतून बघतोय. मग मान डोलावली. चिमणीनं लाल दिवा लावला.

शिकारी पाठ करतो. बूट. यानं तोंड माइकपासून जरा बाजूला घेतलं, चालता चालता बोलल्यासारखं, आणि म्हणाला –

"दार लावून घे. येतो मी."

बस. रोज जाताना म्हणतो तेच. मी कधी आतल्या खोलीत असते, कधी फोनवर, "हो हो" म्हणते, मान वरही करत नाही.

"ओके" मीच म्हणायचं असतं. बटणावर बोट होतं, ते तसंच राहिलं. चिमणी समोर बघत बसली होती, हात मांडीवर. मशीन चालूच.

शेवटी तोच दार ढकलून बाहेर आला. "काय झालं? परत घ्यायचंय?"

"नाही," मी म्हटलं. "झालं."

घरी येऊन खूप बोलला. नळाच्या गळतीबद्दल, शेजाऱ्यांच्या गाडीबद्दल, लेकीशी फोनवर तासभर काहीबाही. आईंना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, जाहिरातींसकट. ध्यानात ठेवावं असं त्यात काही नव्हतं. सगळं ऐकलं.

२१ नोव्हेंबर

आत नेलं. दारापर्यंत माझं बोट धरून होता.

२२ नोव्हेंबर

सर्जनबाई म्हणाल्या, मनासारखं झालं. त्यांचे डोळे लाल होते, बराच वेळ उभ्या होत्या म्हणे. तो झोपलाय. गळ्याशी भोक आहे, त्यातून श्वास येतो. बघायला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. श्वास येतोय ना!

चॅनेलवाल्या साहेबांचा फोन येऊन गेला. "बाई, ते पाठमोरं वाक्य मुळात नाहीये." म्हटलं, नाहीये. मग तेच म्हणाले, "राहू दे. बायको म्हणाली राहू दे. ऐकलं आणि उठून आत गेली. काय झालं कळलं नाही मला."

लेक संध्याकाळी पोचली. शिकाऱ्याचा विषय नाही. बापाच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, पुन्हा केलं, पुन्हा केलं.

२७ नोव्हेंबर

आज नर्सनं त्याला पांढरी पाटी आणि पेन आणून दिलं. त्यानं पहिलंच वाक्य लिहिलं, "सिस्टर, ही उशी आहे की वीट?" आणि पाटी माझ्याकडे वळवली. मी वाचलं. त्यानं मान हलवली, पुसून लिहिलं, "एवढं गंभीर नको. पुन्हा." मी पुन्हा वाचलं. "घाई केलीस. पुन्हा."

वाक्य त्याचं, आवाज माझा. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

तिसऱ्या टेकला त्यानं अंगठा वर केला. सिस्टरनं उशी केव्हाच बदलली होती.